घरचं बी आणि वेगवेगळी झाडं

प्रश्न : संकरित टोमॅटोची उत्तम फळं निवडून बी धरलं. यंदा कुठं गोल फळ, कुठं लांबट, झाडंही लहान-मोठी. बी खराब झालं का?

उत्तर : बी खराब नाही, ते संकरिताचं आहे. संकरित वाण ही दोन वेगळ्या शुद्ध वाणांची पहिली पिढी. झाडाचे गुण ठरवणारी जनुकं जोडीनं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. पहिल्या पिढीत सगळ्या झाडांत तीच जोडी, म्हणून प्लॉट एकसारखा दिसतो. त्याचं बी धरलं की जोड्या फुटतात आणि दडलेले गुण वर येतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं 1866 साली छापलेल्या प्रयोगात जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्याचा संकर पहिल्या पिढीत सगळा जांभळाच निघाला. दुसऱ्या पिढीच्या 929 झाडांत मात्र 224 पांढरी होती. हा झाला एका जनुकाचा हिशेब. दहा जनुकं वेगळी असली, तर मूळ संकरिताचीच जुळणी पुन्हा हजारात जेमतेम एका झाडात सापडते. म्हणून संकरिताचं बी दरवर्षी नवं घ्या.

गहू, भात, सोयाबीन, हरभऱ्याच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचं बी खुशाल धरा. त्यांचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतं. निवड मात्र झाड पाहून करा, नुसतं फळ पाहून नको. बांधालगतच्या झाडाला ऊन, पाणी, जागा जास्त मिळते. तो जोम बियात उतरत नाही. दाटीतही उठून दिसणारं निरोगी झाड बियाण्यासाठी राखा.

प्रश्न : पांढऱ्या मक्याच्या कणसात मधेच पिवळे दाणे आले. पेरलेलं बी भेसळीचं होतं का?

उत्तर : बियाण्याला लगेच दोष देऊ नका. जवळ पिवळा मका तुऱ्यावर असेल, तर त्याचा पराग वाऱ्यानं तुमच्या कणसाच्या केसांवर पडतो. प्रत्येक केस एका दाण्याचा, त्यामुळे ज्या केसावर परका पराग पडला तेवढाच दाणा फिकट पिवळा होतो. दाण्यातल्या पिठाळ भागात बापाचाही वाटा असतो आणि पिवळा रंग पांढऱ्यावर मात करतो, म्हणून भेसळ त्याच हंगामात दिसते. काकडी-टोमॅटोत तसं होत नाही. फळाचा गर आईच्याच अंगाचा. परका पराग पडलाच असेल तर तो पुढच्या वर्षीच्या झाडात कळतो.

खायला हे दाणे चालतात. बियाण्यासाठी ते काढून टाका आणि शेताच्या मधल्या ओळींतली बरीच कणसं घ्या, दोन-चार कणसांवर भागवू नका. शेजारी दुसरा पांढरा वाण असेल तर त्याची भेसळ दाण्याच्या रंगावरून ओळखू येणार नाही. तिथं बी न धरलेलंच बरं.