हाड पोखरलं म्हणजे डोळा जातोच का?

प्रश्न : वडिलांना गालामागच्या सायनसचा कॅन्सर आहे. सीटी स्कॅनमध्ये डोळ्याखालचं हाड पोखरलेलं दिसतं, पण नजर चांगली आहे. डोळा काढावा लागेल का?

उत्तर : नुसतं हाड पोखरलंय म्हणून डोळा काढत नाहीत. डोळ्याच्या खोबणीचं हाड आणि आतली चरबी यांच्यामध्ये पेरिऑर्बिटा नावाचा चिवट पडदा असतो. गाठ त्याला फक्त टेकली असेल तर हाड काढून भागतं. पडद्यात शिरली असेल तर तेवढा भाग कापून कडा शस्त्रक्रिया चालू असतानाच फ्रोझन सेक्शनने (तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) तपासतात. थोडी चरबी बाधित असली, तरी कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरविरहित, मिळाल्यास बरेच सर्जन डोळा ठेवतात. डोळा फिरवणारे स्नायू, नेत्रगोल किंवा खोबणीचं मागचं टोक बाधित झालं, की डोळा राखण्याचा हट्ट सहसा जिवावर बेततो. आणि तेव्हा ‘डोळा काढणं’ म्हणजे खोबणीतलं जवळजवळ सगळंच काढणं, हे आधीच समजून घ्या.

चांगली नजर हा निकष नव्हे. स्नायूपर्यंत गाठ पोचूनही नजर शाबूत राहू शकते. सीटी हाड दाखवतो, पडदा-चरबी-स्नायूंसाठी एमआरआय हवा. तरीही ‘टेकलीय की शिरलीय’ याचा निकाल अनेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लागतो. म्हणून डोळा काढण्याची संमती आधी घेतात. सही मागितली म्हणजे तसं ठरलंच, असं नाही.

प्रश्न : डोळा राहिला तर पुढे काय त्रास होतात?

उत्तर : खोबणीचा तळ गेला आणि आधार दिला नाही, तर डोळा खाली नि आत बसतो, एकाचं दोन दिसतं. त्यासाठी टायटॅनियमची जाळी किंवा हाडाचा तुकडा बसवतात. जाळीवर पुरेसं मांस नसेल तर रेडिएशननंतर ती उघडी पडते. अश्रुनलिका कापली जात असल्याने डोळा सतत वाहतो. अश्रूंची पिशवी त्याच वेळी नाकात उघडली किंवा सिलिकॉनची नळी घातली, तर हे बरंच टळतं.

शस्त्रक्रियेनंतरचं रेडिएशन साधारण ६० ते ६६ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), आठवड्याला पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे. दृष्टीच्या नसेवरचा डोस ५४-५५ ग्रेच्या आत राखायचा प्रयत्न असतो. रेडिएशनमुळे मोतीबिंदू झाला तर काढता येतो, कोरडेपणा मात्र चिवट. दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब आणि रात्री मलम ठेवा. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी बुबुळ तपासून घ्या.