पार्सल काट्यावर पावणेदोन किलो, मग बिल तीन किलोचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचा फराळ इन्स्टाग्रामवरून विकता. पाऊण किलो चिवडा आणि अर्धा किलो चकली एका खोक्यात जाते. खोका ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचा, काट्यावर पावणेदोन किलोच्या आत. तरी कुरिअरवाला तीन किलोचे पैसे लावतो, आणि गिऱ्हाईकाकडून घेतलेला डिलिव्हरी चार्ज दर वेळी कमी पडतो. मग हा खर्च आधीच बरोबर कसा काढायचा?

मी डोंबिवलीतून सहा वर्षं फराळ, भाजणी आणि मेतकूट पाठवते. पहिल्या दिवाळीत मलाही अशीच बिलं आली होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कुरिअर कंपनी पार्सलची दोन वजनं बघते. एक काट्यावरचं. दुसरं खोका गाडीत किती जागा अडवतो त्यावरून काढलेलं, त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, उत्तर किलोत येतं. तुमच्या खोक्याचे १५००० होतात, म्हणजे बरोबर तीन किलो. काही जण ४००० किंवा ४५०० ने भागतात, तिथे हेच पार्सल आणखी जड ठरतं. म्हणून दर विचारण्याआधी कितीने भागता ते विचारा.

भाजणी-मेतकुटात हा त्रास होत नाही, कारण ते दाबून बसतं. पातळ पोह्यांचा चिवडा मात्र फुललेला असतो आणि चकली मोडेल म्हणून आपण भोवती बबल रॅप कोंबतो. म्हणजे जागेचे पैसे भरून आपण हवाच पाठवत असतो.

मी खोका असा लहान केला. चिवडा एका मोठ्या पिशवीत न भरता पाव-पाव किलोच्या तीन पाकिटांत भरला, चकलीचा डबा मधोमध ठेवला आणि पाकिटं त्याच्या भोवती लावली. चकलीला चिवड्याचीच गादी झाली, बबल रॅप जवळजवळ लागलाच नाही. खोका २८ बाय २२ बाय १६ चा पुरला. गुणाकार ९८५६, वजन १.९७ किलो. दर अर्ध्या अर्ध्या किलोच्या स्लॅबने वाढतात, त्यामुळे हे पार्सल दोन किलोत बसतं.

पण इथे एक सेंटिमीटरसुद्धा महाग पडतो. झाकण दाबून टेप लावली की खोक्याचं पोट फुगतं. उंची १६ ची १७ झाली की वजन २.०९ किलो होतं आणि बिल अडीच किलोचं येतं. म्हणून माप नेहमी टेप लावून झाल्यावर, खोका जिथे सगळ्यात फुगलाय तिथे घ्या. रिकाम्या खोक्यावर दुकानदाराने छापलेलं माप धरू नका.

आता पैशांत बघा. समजा पहिल्या अर्ध्या किलोला ५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०. तीन किलोचे २५० होतात, दोन किलोचे १७०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरायचाच, तो बरेच जण विसरतात. मग २९५ आणि साधारण २०१. एका खोक्यामागे ९४ रुपये वाचले. याच्यात खोका, टेप, आतला डबा यांचा खर्च मिळवा. टेपचा एक रोल किती पार्सलांना पुरतो ते एकदा मोजून ठेवा.

अंतराचं म्हणाल तर तुमच्या शेवटच्या तीस-चाळीस ऑर्डरींचे पिनकोड काढा. शहरातले, महाराष्ट्रातले, बाहेरचे असे वेगळे करून प्रत्येक गटाचा एकेक दर ठरवा. ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरचा दर वेगळाच ठेवा, नाहीतर एक ऑर्डर दहा ऑर्डरींचा नफा खाते. लहान गावांसाठी स्पीड पोस्टचा दर जरूर बघा. जिथे खाजगी कुरिअर पोहोचत नाही तिथेही टपाल पोहोचतं.

कॅश ऑन डिलिव्हरी खाण्याच्या वस्तूंना ठेवूच नका, हे माझं ठाम मत आहे. समजा १०० पार्सलं प्रत्येकी २०० रुपयांत गेली आणि १२ परत आली. परतीचंही भाडं तुम्हीच भरता. एकूण २२४०० रुपये आणि पोहोचली ८८, म्हणजे पार्सलमागे खर्च २५५ च्या घरात. शिवाय परत आलेली चकली कुणाला विकणार? साडी किंवा पर्स विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा माल पुन्हा विकता येतो. पण परतीचा खर्च किमतीत त्यांनीही धरायलाच हवा.

शेवटचं, आणि हे आजपासूनच सुरू करा. प्रत्येक पार्सलचे फोटो काढा: एक काट्यावर आकडा दिसेल असा, आणि तीन बाजूंना शिलाईची टेप लावून तीन. पिनकोड दिसणारं लेबल प्रत्येक फोटोत यायला हवं. कुरिअरच्या गोदामात पार्सल पुन्हा मोजतात आणि कधी कधी तिथे जास्त वजन नोंदवून फरकाची रक्कम परस्पर कापतात. एकदा माझ्या सात पार्सलांवर असा फरक लावला होता. पाच पार्सलांचे फोटो होते, त्यांचे पैसे चार दिवसांत परत आले. उरलेल्या दोनांचे फोटो मी काढले नव्हते, ते पैसे गेले.