दोन महिने थांबू, की तयार लॅपटॉप उचलू?

प्रश्न: मी एकटीच भाषांतराची कामं करते. आठ वर्षांचा लॅपटॉप आता रडतखडत चालतो, विंडोज ११ त्यावर चढत नाही. बारा दिवसांपूर्वी हवा तसा बिझनेस लॅपटॉप ऑर्डर केला: ३२ जीबी रॅम, उजळ स्क्रीन, तीन वर्षांची वॉरंटी. तेव्हा चार आठवडे सांगितले होते. परवा मेल आला, आता आणखी आठ. सगळे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या शिलकीतून भरलेत. दुसऱ्या कंपनीचा तयार लॅपटॉप लगेच मिळतोय, पण तो १२ टक्के महाग, रॅम १६ जीबी आणि स्क्रीन अगदी साधा. ओळखीचे म्हणतात, तोवर एखादा जुना वापरलेला घे आणि थांब. पंचवीस दिवस काम केलं की नव्या लॅपटॉपची किंमत निघते, एवढी माझी कमाई आहे. जुन्यापायी रोज तासभर वाया जातो. हल्ली त्याचं टचपॅडही वर उचलल्यासारखं झालंय, क्लिक नीट होत नाही. काय करावं?

उत्तर: पैशांचं नंतर बोलू, आधी ते टचपॅड. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि बाजूने बघा. बूड टेबलाला सगळीकडून टेकत नसेल, मधे फुगीर वाटत असेल, तर बिघाड टचपॅडमध्ये नाही, त्याच्याखालच्या बॅटरीत आहे. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की आत वायू साठून फुगते आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये ती नेमकी टचपॅडखालीच असते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, घरी उघडू नका. फाइलींची प्रत आजच दुसरीकडे घ्या, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. बरेच लॅपटॉप बॅटरीविना नुसत्या चार्जरवर चालतात. तुमचा चालतो का, ते तिथेच बघून घ्या.

आता हिशेब. नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरू. मग तुमच्या एका दिवसाची कमाई ४. आठ आठवडे म्हणजे कामाचे ४० दिवस. रोज एक तास वाया, म्हणजे ४० तास, आठ तासांचा दिवस धरला तर ५ दिवस. पाच चोक वीस. थांबण्याची किंमत २० आणि तयार लॅपटॉपसाठी जादा मोजायचे १२. तयार घ्या, विषय संपला?

नाही. हा हिशेब मांडणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि स्वतःला फसवतात. वाया गेलेला प्रत्येक तास काही कमाईचा नसतो. तो लॅपटॉप सुरू होईपर्यंत तुम्ही चहा करत असाल, फोन उरकत असाल. दिवस लांबला तरी काम त्याच दिवशी पुरं होत असेल. म्हणून मी अशा तासांतले निम्मेच मोजतो. २० चे झाले १०. म्हणजे थांबणं १०, न थांबणं १२. तराजू जवळजवळ सरळ.

तो झुकतो टचपॅडमुळे. जुना लॅपटॉप मधेच कायमचा बंद पडला आणि आठवडाभर तुमचं काम ठप्प झालं, तर ५ दिवसांचे २० गेले. तेव्हा निम्मे मोजायची सोयही नाही, कारण काम खरंच झालेलं नसतं. शिवाय ज्या ग्राहकाची तारीख चुकली तो पुढचं काम देईल का, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. लॅपटॉप धडधाकट असता तर मी तुम्हाला बिनदिक्कत थांबा म्हटलं असतं. फुगलेल्या बॅटरीवर आणि १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने ज्याचा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या अपडेटसह) थांबवला त्या विंडोज १०वर, ग्राहकांची गोपनीय कागदपत्रं उघडून, आणखी ४० दिवस काढा असं मी सांगणार नाही.

आणि ते आठ आठवडे तरी आठच आहेत का? मी स्वतः एकदा असाच ऑर्डरच्या पानावर रोज सकाळी जाऊन बसायचो. तारीख तीनदा पुढे गेली. चौथ्यांदा नीट वाचलं तेव्हा कळलं की ती तारीख माल निघण्याची होती, हातात पडण्याची नव्हेच. तुमच्या मेलमध्ये यातली कोणती आहे ते बघा.

तारखा पुढे का जातात, हे कळलं तर एक मधली वाट दिसते. आपल्या पसंतीने जुळवून घेतलेला लॅपटॉप त्याच्यातल्या सगळ्यात उशिरा येणाऱ्या भागासाठी अडून राहतो. २०२०नंतरच्या चिप टंचाईत महागडे प्रोसेसर हजर आणि स्क्रीन चालवणारी किंवा वीजपुरवठा सांभाळणारी किरकोळ चिप गायब, असं घडत होतं. तुमच्या ऑर्डरमध्ये असा अडेलतट्टू भाग बहुधा एकच असेल: तो उजळ स्क्रीन, किंवा सिमकार्डाचा मॉडेम, किंवा वेगळा कीबोर्ड. कंपनीच्या साइटवर तोच लॅपटॉप पुन्हा निवडा, एकेक पर्याय बदला आणि अंदाजे तारीख हलते का पाहा. एका पर्यायाने सहा आठवडे वाचत असतील, तर विक्री विभागाला फोन करून ऑर्डर बदलून मागा. अर्धा तास लागेल. मी हे आधी करून बघीन.

तारीख हललीच नाही, तर तयार लॅपटॉपकडे वळा. पण त्याच्याबद्दलची तुमची नाराजी जरा चाळून घेऊ. तुम्हाला दोन गोष्टी कमी वाटतात, रॅम आणि स्क्रीन. पैकी एक काही लॅपटॉपांत नंतर वाढवता येते, दुसरी नाही. निर्णय यावर ठरवा, आकड्यांच्या मोठेपणावर नको.

रॅमचं असं. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलीटबुक या बिझनेस घराण्यांत काही लॅपटॉपांची रॅम खाचेत बसवलेली असते आणि काहींची बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पक्की डाग दिलेली, नंतर वाढवता न येणारी. पातळ, हलक्या मॉडेलांत दुसराच प्रकार जास्त. नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळतं, त्यात ‘मेमरी मॉड्यूल’ काढण्याचं पान असेल तर खाच आहे. रिकामी खाच असेल तर १६चे ३२ पुढे केव्हाही करता येतील. पण खरं विचाराल तर तुम्हाला ३२ लागतात का? धबडग्याच्या दिवशी, भाषांतराचं सॉफ्टवेअर, वर्डच्या चार फाइली आणि ब्राउझरच्या तीस टॅब उघड्या असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीचा आकडा बघा. सध्याची रॅम तुडुंब भरलेली नसेल, तर मंदपणाचं खापर रॅमवर फोडू नका. तुमच्या कामाला १६ जीबी पुरतील असं माझं मत आहे.

स्क्रीन मात्र बदलता येणार नाही, निदान सोयीने नाही. बिझनेस लॅपटॉपांच्या स्वस्त स्क्रीनची कीर्ती काही बरी नाही. तपशिलात २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दिसतात त्याचं माप) लिहिलेलं असेल तर रंग फिके आणि खिडकीशेजारी बसून वाचायचं म्हणजे डोळ्यांना ताण. तुम्ही दिवसभर अक्षरंच वाचता. टेबलावर वेगळा मॉनिटर असेल तर काही बिघडत नाही, नसेल तर हा दोष मी रॅमपेक्षा कितीतरी मोठा मानीन. विक्रेत्याकडे ३०० किंवा ४०० निट्सचा तयार लॅपटॉप आहे का विचारा. त्यासाठी आणखी ४-५ टक्के गेले तरी चालतील, पाच वर्षं रोज बघायचा आहे तो.

ओळखीच्यांचा सल्ला, जुना घेऊन थांबण्याचा, ऐकायला शहाणपणाचा आहे. पण त्यात तुम्ही दोन लॅपटॉपांचे पैसे भरणार आणि जुन्याची बॅटरीही थकलेलीच असण्याची शक्यता. शिलकीतून एकदा पैसे काढून झालेत, पुन्हा हात घालू नका. नंतर आडवेळेसाठी दुसरा हवा असेल तर सावकाश घ्या, फक्त इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरचा नको, नाहीतर विंडोज ११ची तीच रड.

बारा दिवस फुकट जातील म्हणून ऑर्डर रद्द करायला मन घेत नसेल. ते दिवस गेलेच आहेत, थांबलात तरी परत येणार नाहीत. पैसे मात्र परत येऊ शकतात, पण क्रमाने चला. आधी रद्द करण्याच्या अटी वाचा, कारण जुळवणी सुरू झाली की बऱ्याच कंपन्या नकार देतात. रद्द झाल्याचं लेखी घ्या. तयार लॅपटॉप खरोखर विक्रेत्याच्या ताब्यात आहे ना, याची खात्री करा. ‘तयार’ म्हणजे पुष्कळदा ‘वितरकाकडे आहे’ एवढंच असतं. मग तो क्रेडिट कार्डावर, बिल नुकतंच निघून गेल्यावर घ्या, म्हणजे परतावा हाती येऊन पुढचं बिल भरायला वेळ मिळतो. परतावा लांबला तरी पूर्ण बिल भरता येईल एवढी शिल्लक असेल, तरच हे करा.

वॉरंटीची एक मेख. गोदामात पडून राहिलेल्या लॅपटॉपची वॉरंटी कधीकधी तुम्ही विकत घेण्याआधीच सुरू झालेली असते. पैसे देण्यापूर्वी सीरियल नंबर मागा, कंपनीच्या साइटवर टाका, संपण्याची तारीख बघा. महिने कमी भरत असतील तर बिल दाखवून दुरुस्त करून मिळतात का विचारा. आणि तीन वर्षांची, घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी यावरही घ्या, एकट्याने काम करणाऱ्याला तीच स्वस्त पडते.

जुना लॅपटॉप विकू नका, कुणाला देऊही नका. डिस्क निघत असेल तर काढून घ्या, यूएसबीच्या डबीत बसवली की बाहेरची डिस्क म्हणून बॅकअपला चालेल. बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको.