आधी एकच घळ मोजा
संगमनेरजवळच्या प्रवरेच्या घळी अभ्यासायला घेताय, उत्तम! पण आल्या आल्या धुपीचं समीकरण (पावसाने किती माती वाहून जाईल याचा अंदाज देणारं सूत्र) आणि उपग्रहाचे नकाशे घेऊन बसू नका. ते समीकरण सालकाढी (मातीचा वरचा पातळ थर नेणारी) आणि ओघळपाडी (बारीक ओघळ पाडणारी) धूप मोजतं, घळी त्यात धरलेल्याच नाहीत. नवखे हमखास इथेच फसतात.

- मिरगाआधी घळीत लोखंडी सळ्या ठोका. प्रत्येक सळी जमिनीवर किती उरली ते लिहा, पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा; जितकी जास्त उघडी पडली तितकी माती गेली.
- काळ्या मातीत सळ्यांवर भिस्त नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आकडा चुकतो.
- घळीच्या माथ्याचा फोटो दर वेळी त्याच जागेवरून घ्या.

आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलाच. कोणत्या पावसात किती बांध गेला, हे त्यांना तोंडपाठ असतं. ड्रोनचं पुढच्या वर्षी बघू.