उत्तरेकडच्या पाइनची वलये आणि गेलेले उन्हाळे

प्रश्न : खोडातील वलये मोजून झाडाचे वय कळते, हे शाळेत शिकलो. परंतु त्याच वलयांवरून हजार वर्षांपूर्वीचे तापमानही सांगता येते, असे अलीकडे वाचले. झाडाची वाढ पाऊस, माती, सावली, कीड अशा कितीतरी गोष्टींवर अवलंबून असते. त्यातून एकटे तापमान वेगळे कसे काढतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि कोणतेही झाड घेतले तर तापमान खरोखरच वेगळे काढता येणार नाही. म्हणून या कामातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाड कुठले निवडायचे हाच असतो. स्वीडनच्या अगदी उत्तरेस, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, टोर्नेट्रेस्क नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या परिसरातील पाइन वृक्ष आपल्या जातीच्या वाढीच्या उत्तर सीमेवर उभे आहेत. बर्फ वितळल्यामुळे पाण्याची तेथे सहसा वाण नसते. वाण असते ती उबेची. वर्षातले जेमतेम काही आठवडे झाडाला वाढता येते आणि त्या आठवड्यांत ऊन किती मिळाले यावर त्या वर्षीचे लाकूड ठरते. जी गोष्ट सर्वांत तोकडी, तीच वाढीला लगाम घालते. त्यामुळे अशा ठिकाणच्या वलयात इतर कारणांचा आवाज क्षीण असतो आणि उन्हाळ्याच्या तापमानाचा ठळक. कोरड्या प्रदेशाच्या काठावरचे झाड याच न्यायाने पावसाची साक्ष देते. या शास्त्राचे जनक ए. ई. डग्लस हे मुळात खगोलशास्त्रज्ञ होते. सौरडागांच्या चक्राचा माग काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अमेरिकेतील ॲरिझोनाची झाडे तपासायला घेतली, ती अशीच कोरड्या मुलखातली होती.

उत्तरेत वलयाच्या रुंदीपेक्षाही त्याची घनता अधिक विश्वासार्ह ठरते. रुंदीवर मागील वर्षी साठवलेल्या अन्नाचाही परिणाम होतो, म्हणून एका वाईट उन्हाळ्याची सावली पुढच्या वलयावरही पडते. हंगामाच्या अखेरीस तयार होणाऱ्या गडद लाकडाचे तसे नाही. उन्हाळा लांब आणि उबदार असेल तर त्या लाकडातील पेशींच्या भिंती जाड होतात, लवकर थंडी पडली तर त्या पातळ राहतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने ही घनता मोजता येते, आणि स्वित्झर्लंडमधील बिर्मेन्सडॉर्फ येथील संस्थेचे फ्रिट्झ श्वाइनग्रुबर यांनी उत्तर गोलार्धातील शेकडो ठिकाणचे असे नमुने गोळा करून त्यांचे मोठे जाळेच उभे केले. पेरू देशात १६०० साली हुआयनापुतिना ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यानंतरचा १६०१ चा उन्हाळा गेल्या ६०० वर्षांतील सर्वांत थंड उन्हाळा म्हणून या जाळ्यात स्पष्ट उमटलेला आहे.

नमुना घेण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने सुमारे ५ मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी काढली जाते. त्याच परिसरातील अनेक झाडांच्या कांड्यांमधील अरुंद-रुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवून पाहतात, कारण फार वाईट वर्षी एखाद्या झाडात वलय पडतच नाही आणि केवळ मोजणी केली तर पुढचे सगळे साल चुकते. जिवंत झाडांचा क्रम सरोवरांच्या तळाशी टिकून राहिलेल्या जुन्या ओंडक्यांशी जुळवत मागे मागे जाता येते. टोर्नेट्रेस्क परिसराची अशी अखंड मालिका २००२ मध्ये ७,४०० वर्षांपर्यंत पोहोचली.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. कोवळ्या झाडाची वलये रुंद असतात आणि वयाबरोबर ती अरुंद होत जातात. हा वयाचा परिणाम काढून टाकावा लागतो, पण तो काढताना हवामानातील संथ बदलही त्याबरोबर निघून जाण्याचा धोका असतो. प्रत्येक ओंडका २०० वर्षांचा असेल आणि प्रत्येकाचा उतार आपापल्या परीने सपाट केला, तर २०० वर्षांहून संथ असा कोणताही चढउतार शिल्लकच राहत नाही. म्हणून त्या परिसरातील सर्व झाडांच्या वयानुसार वाढीची एक सरासरी रेषा काढून प्रत्येक नमुना तिच्याशी ताडतात. शेवटी या मालिकेची सांगड तापमापकाच्या नोंदींशी घातली जाते. नोंदींच्या एका भागावरून नाते ठरवायचे आणि बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या भागावर ते पारखायचे, असा रिवाज आहे. या पारखीत न टिकलेल्या मालिकेवरून जुन्या शतकांचे तापमान सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : १९६० नंतर तापमान वाढत असताना उत्तरेकडची झाडे मात्र ती वाढ दाखवत नाहीत आणि शास्त्रज्ञांनी ही गोष्ट लपवली, असे ऐकले. मग जुन्या काळाबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षांवर विश्वास का ठेवायचा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवणे गरजेचे आहे. पहिला भाग खरा आहे. वलयांचे ब्रिटिश अभ्यासक कीथ ब्रिफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वतःच दाखवून दिले की, साधारण १९६० नंतर उत्तरेतील पुष्कळ ठिकाणी लाकडाची घनता वाढत्या तापमानाच्या मागे पडली. अलास्कातील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांबाबत असेच निरीक्षण १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे शोधनिबंधांत ही गोष्ट उघडपणे मांडलेली होती. तथापि, जागतिक हवामान संघटनेच्या १९९९ च्या एका प्रकाशनाच्या मुखपृष्ठावरील आलेखात १९६० नंतरच्या घनतेच्या नोंदींऐवजी तापमापकाच्या नोंदी जोडल्या गेल्या आणि तसे त्या आकृतीत सांगितले गेले नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली झालेल्या स्वतंत्र चौकशीने संबंधित शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर ठपका ठेवला नाही, परंतु तो आलेख दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. मला ते योग्य वाटते. सामान्य वाचकासमोर ठेवलेल्या चित्रात जोड असेल, तर ती जोड दिसलीच पाहिजे.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे. आज झाड तापमानाला नीट प्रतिसाद देत नसेल, तर हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या उबदार काळातही ते असेच मागे पडले नसेल कशावरून? ही शंका झटकून टाकता येत नाही. वाढत्या उष्णतेमुळे काही ठिकाणी ऊब पुरेशी होऊन पाणी तोकडे पडू लागले असावे, हवेतील प्रदूषणामुळे सूर्यप्रकाश घटला असावा, अशी निरनिराळी कारणे सुचवली गेली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच कारण लागू होत नाही. शिवाय काही ठिकाणी दोष झाडाचा नव्हे, तर हाताळणीचा निघाला. टोर्नेट्रेस्कचेच उदाहरण घ्या. होकन ग्रुड यांनी २००४ पर्यंतचे नवे नमुने जोडून २००८ मध्ये नवी मालिका प्रसिद्ध केली; तीत इसवी सन १००० च्या आगेमागे सर्वांत उबदार उन्हाळे दिसत होते. पुढे मेल्विन, ग्रुड आणि ब्रिफा यांनी एकत्र येऊन सर्व सामग्री पुन्हा तपासली. घनतेच्या मोजणीत पद्धतशीर फरक होता आणि जिवंत झाडांची निवडही एकसारखी नव्हती, असे त्यांना आढळले. ते दुरुस्त केल्यावर रुंदी आणि घनता यांच्या मालिका बऱ्याच अंशी जुळल्या, आणि २०१३ च्या त्यांच्या निबंधानुसार त्या परिसरात सुमारे ९०० ते ११०० या काळातील उन्हाळे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उन्हाळे साधारण सारखेच उबदार ठरले.

हा निष्कर्ष एका सरोवराभोवतीच्या मुलखाचा आहे, पृथ्वीचा नव्हे, हे येथे विसरू नये. २०२४ मध्ये यान एस्पर आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधाच्या उत्तरेकडील भूभागांच्या अनेक मालिका एकत्र पाहिल्या, तेव्हा २०२३ चा उन्हाळा गेल्या २,००० वर्षांतील सर्वांत उष्ण आणि ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचा ५३६ चा सर्वांत थंड ठरला. त्या तुलनेत २०२३ चा आकडा तापमापकांचा आहे आणि मागील शतकांचे आकडे झाडांचे, हे त्यात उघड आहे. वाचताना तो भेद आपणही लक्षात ठेवावा.

प्रश्न : आपल्याकडच्या सागाचा असा उपयोग होईल का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : होतो, मात्र तापमानासाठी नव्हे, पावसासाठी. साग कोरड्या महिन्यांत पाने गाळतो, त्याची वाढ थांबते आणि वलयाची सीमा स्पष्ट उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे परिसरातील सागाच्या वलयांवर १९८३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. याच संस्थेच्या संशोधकांनी पुढे केरळच्या सागापासून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली, आणि तीत एल निनोच्या व अपुऱ्या पावसाच्या वर्षांशी अरुंद वलयांचे नाते दिसून आले.