वाचकांचे प्रश्न : आपल्या डोंगरात लोंबते सुळके का नाहीत?

प्रश्न : मुलांना अजिंठा दाखवला, पितळखोराही दाखवला. विशाखापट्टणमजवळच्या बोरा गुहेत छतातून दगडी सुळके लोंबतात, तसे आपल्याकडे का नाहीत? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : कातळच वेगळा. आपला काळा दगड बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात माणसांनी छिन्नीने कोरली ती लेणी. बोरा गुहा पाण्याने कोरली, आणि पाण्याला हे चुनखडकात साधते. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते. भेगांतून झिरपताना ते चुनखडक विरघळवते, भेगांच्या पोकळ्या होतात. पुढे तेच पाणी पोकळीच्या छताला थेंब होऊन लटकले की वायू निसटतो आणि विरघळलेला चुना तिथेच धरतो. जड पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर बसतो तो याच क्रियेने. बंबात वायू उष्णतेने निघून जातो, एवढाच फरक. सुळका वर्षाला जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग वाढतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणून त्याला हात लावू नये. हाताचा तेलकटपणा दगडावर राहिला की पाणी नीट पसरत नाही आणि तिथली वाढ खुंटते.

दगड घरीच ओळखता येतो. शहाबादी फरशीचा फुटका तुकडा घ्या (ती चुनखडकाचीच), खिळ्याने खरवडून थोडी पूड काढा आणि तिच्यावर लिंबाचे चार थेंब टाका. बारीक फेस येईल. काळ्या दगडावर येणार नाही. आलाच, तर दगड नीट धुतलेला नसेल आणि मातीतला चुनखडीचा कण चिकटलेला असेल, किंवा दगडाच्या पोकळीत पांढरे कॅल्साइट भरलेले असेल. आपल्या बेसाल्टात ते बऱ्याच ठिकाणी सापडते. घरातल्या बसवलेल्या फरशीवर मात्र प्रयोग नको, डाग कायमचा राहतो.

प्रश्न : मग बेसाल्टात नैसर्गिक गुहा होतच नाही का? (एक विद्यार्थिनी, पारोळा)

उत्तर : होते, पण बहुधा लाव्हा वाहत असतानाच. प्रवाहाची वरची साय थिजते, आतला रस पुढे निघून जातो आणि मागे नळी उरते. हवाईमधली काझुमुरा ही अशी नळी ६५ किलोमीटरहून लांब आहे.

प्रश्न : जगातली सर्वांत मोठी गुहा कोणती? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : मोठी कशाने, ते आधी ठरवावे लागते. लांबीने अमेरिकेतल्या केंटकीमधली मॅमथ केव्ह. आजवर मोजलेल्या वाटाच ६८० किलोमीटरच्या वर आहेत. दालनांच्या आकाराने व्हिएतनाममधली सोन डूंग. तिची पहिली मोजणी २००९ साली झाली. काही ठिकाणी तिचे छत जवळपास २०० मीटर उंच आहे, आणि जिथे ते कोसळले तिथे उजेड पोचून आत जंगल वाढले आहे.

प्रश्न : अजिंठ्याच्या चित्रांजवळ एका वेळी मोजकीच माणसे का सोडतात? (एक शिक्षक, जामनेर)

उत्तर : श्वासामुळे. फ्रान्समधली लास्को ही चित्रगुहा १९४० साली सापडली, १९४८ पासून लोकांना खुली झाली. श्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड, वर दिव्यांचा उजेड, यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत; दमट हवा त्यालाही मानवत नाही. सहल नेताना वर्गाच्या लहान तुकड्या करा, चित्रांविषयीची माहिती बाहेरच्या ओसरीत सांगून घ्या आणि आत फक्त बघू द्या. सोमवारी लेणी बंद असतात.