तुम्ही आजवर वापरलेल्या गाड्यांपैकी पुन्हा घ्याल अशी कोणती?

तुमच्या घरात पहिलीच गाडी येणार आहे, रोज वीस-बावीस किलोमीटरचे जाणे-येणे आहे, सोबत वयस्क आईवडील आहेत. तेव्हा परीक्षणे बाजूला ठेवून, ज्यांनी वर्षानुवर्षे गाड्या वापरल्या त्यांनी कोणत्या वापरल्या आणि त्यांतली कोणती ते पुन्हा घेतील हे सांगावे, असा तुमचा प्रश्न आहे. 1987 पासून माझ्या हाताखालून चार गाड्या गेल्या: वडिलांची प्रीमियर पद्मिनी, मारुती 800, एक जुनी डिझेल गाडी आणि 2009 साली घेतलेली वॅगन आर, जी आजही दारात उभी आहे. पुन्हा घेईन ती वॅगन आर. सर्वांत जास्त बोलावेसे वाटते ते मात्र पद्मिनीबद्दल, आणि या दोन गोष्टींची गल्लत मी बरीच वर्षे करत होते.

आमच्या वाईत तिला पद्मिनी असे कोणी म्हणत नसे, ती फियाटच. मुळात ती इटलीची फियाट 1100, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी, आणि सत्तरच्या दशकात नाव बदलले तरी लोकांच्या तोंडचे नाव काही बदलले नाही. (तिच्याही आधीची गोलसर गाडी ती ‘डुक्कर फियाट’, तीत मी फक्त बसले आहे.) इंजिन 1089 सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघे आरामात बसत आणि मधल्या मुलाचे गुडघे गिअरच्या आड येत नसत. वयाच्या विसाव्या वर्षी मी त्या दांड्यावर गाडी शिकले. पुढे पायाशी गिअर असलेली गाडी हातात आली तेव्हा पहिले आठ दिवस माझा डावा हात सवयीने स्टिअरिंगच्या मागे हवेत चाचपडत असे.

मे महिन्यात पसरणी घाट चढून पाचगणीला जाणे हा एक वेगळाच कार्यक्रम होता. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप इंजिनाला लागूनच बसवलेला असे. चढावर इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलचीच वाफ होई, पुढे पेट्रोल पोहोचत नसे आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडे. आमचा पंप जुना होता आणि वडील तो बदलण्याचे काम दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलत, तेव्हा यात गाडीचा दोष कमी आणि आमच्या काटकसरीचा जास्त होता. उपाय ठरलेला असे: बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके गुंडाळायचे, आणि ते हाताला कोमट लागू लागले की काढून कळशीत बुडवून पुन्हा गुंडाळायचे. हे काम माझ्याकडे होते. पंधरा-वीस मिनिटांत गाडी चालू होई, आणि तेवढ्या वेळात वरून येणाऱ्या एसटीचा चालक हात करून ‘काय, फियाट का?’ असे विचारून जाई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा बातमी वाचताना मला आधी ते फडके आठवले.

मारुती 800 आम्ही 1994 मध्ये बँकेचे कर्ज काढून नवी घेतली. डिसेंबर 1983 मध्ये ती आली तेव्हा तिची किंमत 47,500 रुपये होती. आमची पाळी येईपर्यंत तो आकडा दंतकथेत जमा झाला होता. पहिल्या दिवशी वडिलांनी सवयीने बॉनेट उघडले, आत पाहिले, आणि करण्यासारखे काहीच न सापडल्याने पुन्हा लावले. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, यामुळे ती पेट्रोल बेताने पीत असे आणि वाईच्या गणपती आळीतल्या गर्दीतूनही निघत असे. एकदा एका लग्नाला शेतात उभी केलेली गाडी रात्रीच्या पावसाने चिखलात रुतली, तेव्हा मांडवातल्या चौघांनी तिची मागची बाजू सरळ उचलली आणि बांधावर ठेवली. मी आत बसलेलीच होते. ज्या हलकेपणामुळे ती उचलली गेली, तोच हलकेपणा महामार्गावर शेजारून ट्रक गेला की जाणवत असे. सुरक्षेच्या आजच्या कल्पना तिला लावून पाहण्यात अर्थ नाही, पण म्हणूनच स्वस्तात मिळते या मोहाने कोणी आता ती घेऊ नये.

तिसऱ्या गाडीचे नाव मी सांगणार नाही. 2004 मध्ये आम्ही ती जुन्या बाजारातून घेतली ती केवळ डिझेलच्या मोहाने, कारण तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत लिटरमागे दहा-बारा रुपयांचा फरक होता. आमचे फिरणे वर्षाला जेमतेम सात हजार किलोमीटर. त्या हिशेबाने वर्षाचे साडेसहा हजार रुपये वाचत. दुसऱ्याच उन्हाळ्यात इंजिन उकळले, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावा लागला आणि बिल बावीस हजारांचे झाले, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळाची बचत एका दुपारी गॅरेजवाल्याच्या हाती गेली. घेण्यापूर्वी ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवायला हवी होती. आम्ही फक्त रंग आणि सीटकव्हर पाहिले. शिवाय 2010 मध्ये पेट्रोलचे आणि 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यावर दोन्हींमधला फरकही आटत गेला. तुमचे रोजचे वीस-बावीस किलोमीटर म्हणजे वर्षाचे सात-आठ हजारच होतात. एवढ्या वापरासाठी डिझेल नको, हे मी स्वतःच्या बावीस हजारांच्या आधारे सांगते.

वॅगन आरबद्दल सांगण्यासारख्या गोष्टी मजजवळ फारच थोड्या आहेत, आणि तिची सर्वांत मोठी शिफारस हीच. सोळा वर्षांत तिने मला कुठे ताटकळत ठेवले असे एकदाही झाले नाही. ती दिसायला खोक्यासारखी आहे, हे मी पहिल्या दिवसापासून मान्य करते. पण आम्ही ती घेतली सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. 800 मध्ये बसताना त्यांना आधी वाकावे लागे, मग खाली टेकावे लागे आणि उतरताना कोणीतरी हात द्यावा लागे. या गाडीची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येत असल्याने नऊवारी सावरत त्या दाराकडे पाठ करत, स्टुलावर टेकावे तशा टेकत आणि मग दोन्ही पाय आत घेत. शेवटची नऊ वर्षे त्या दर संकष्टीला कोणाचाही हात न धरता ढोल्या गणपतीला उतरल्या. आमची गाडी 1061 सीसीच्या जुन्या इंजिनाची; 2010 मध्ये नवे रूप आणि नवे इंजिन आले. उंच बांधा आणि बारीक चाके असल्याने मोकळ्या महामार्गावर आडवा वारा लागतो, म्हणून ताशी ऐंशीच्या पुढे मी जात नाही. रोजच्या वापरात तशी गरजही पडत नाही. 2024 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा तपासणी करून, पाच हजार रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी पाच वर्षे वाढवून घेतली.

एका बाबतीत मात्र माझे अनुकरण करू नका. 2009 मध्ये एअरबॅग सक्तीची नव्हती आणि पैसे वाचवायचे म्हणून मी ती नसलेलेच मॉडेल घेतले, हा निर्णय आज मी घेणार नाही. चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना जुलै 2019 पासून सक्तीची झाली, तेव्हा जुनी गाडी पाहणार असाल तर त्यानंतरचीच पाहा, आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग असेल तर चार पैसे जास्त द्या.

आणि शोरूममध्ये आईवडिलांना बरोबर न्या. तिथली फरशी सपाट असते, म्हणून चाचणीसाठी गाडी बाहेर काढली की ती फूटपाथला खेटून एकदा आणि उतारावर एकदा उभी करून दोघांना दोन्ही ठिकाणी उतरायला सांगा. बसणे सगळ्यांनाच जमते. उतरताना आईचा हात दाराच्या चौकटीवर किती जोराने दाबला जातो, तेवढे नीट पाहा.